आपल्या मापातला रंग

“हात खाली घे की आक्का. मी काय पोलीस आहे?” मालन मावशी म्हणाली.

आईने हात खाली घेतले. मावशीच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे ती सगळं दात मिटूनच बोलत होती. दुपारची वेळ होती. पुढचं शटर अर्धं ओढलेलं, मागच्या खोलीत ट्यूबलाइट लावलेली, आणि बाबा चहाला गेलेले.

बाबांचं चहाला जाणं ही आमच्या दुकानाची पद्धतच होती. सांगलीत हरभट रोडच्या मागच्या बोळात आमचं ‘रंगसंगती मॅचिंग सेंटर’ आहे. समोरच्या फळ्यांवर ब्लाउजपीस, अस्तरं, परकर, फॉल. ते सगळं बाबा बघायचे. काचेच्या कपाटाखाली पुठ्ठ्याचे बंद खोके होते, ते आईचे. एखादी बाई आत आली आणि बाबांकडे न बघता आईच्या बाजूला सरकली, की बाबा पायात चपला सरकवायचे आणि म्हणायचे, “मी जरा चहाला जाऊन येतो.” टपरीवाला त्यांना बोळातून येताना बघूनच कप विसळायला घ्यायचा. लग्नसराईत बाबांना पित्ताचा फार त्रास व्हायचा. त्याचं खरं कारण आम्ही डॉक्टरांना कधी सांगितलं नाही.

आई आरशासमोर उभी होती. खाली परकर, वर मोरपंखी ब्रा. मावशीने शिवलेला हा तिसरा नमुना. पहिला सगळा लेसचा होता. दिसायला सुरेख, पण आई खोलीत एक फेरी मारून आली तेवढ्यात लेस ताणून सैल पडली. दुसऱ्याला मावशीने आतून जाड अस्तर लावलं. तो भक्कम झाला, पण आई म्हणाली की ही आपल्या खोक्यातलीच आहे, नुसती रंगात बुडवून काढलेली. तिसऱ्यात कटोरीचे तीन तुकडे होते. खालच्या दोघांना आतून न ताणणारी बारीक जाळी, वरच्याला नुसती लेस, आणि बगलेपासून खांद्याच्या पट्ट्यापर्यंत अस्तराची एक पट्टी, बाहेरून न दिसणारी. भार त्या पट्टीने आणि पाठीच्या घेराने उचलायचा, लेसने फक्त सुंदर दिसायचं.

“पाठीला आवळतंय तुला,” मावशी म्हणाली. “बोट जात नाही आत. घेर वाढवते.”

“नको. आहे तेवढाच ठेव.”

“वळ उठतील.”

“उठू देत.”

“आणि पट्टे लांब होतायत. हे बघ, खांद्यावर ढिले पडतायत.”

“असू देत, माले. नमुना आहे. मी काय हे घालून कोल्हापूरला निघालेय?”

मावशीने टाचण्या तोंडातून काढून पुतळ्याच्या मानेत खोचल्या आणि माझ्याकडे बघितलं. “बघ की गं वैजू तुझी आई. मापं स्वतःची देत नाही, आणि शिवणारीनं काय करायचं म्हणे?”

मी हसले आणि पट्ट्यांच्या लांबीचं माप कागदावर लिहून घेतलं. त्या वेळी त्यात मला आईच्या हट्टापलीकडे काही दिसलं नाही.

मी तेव्हा पुण्याला एका प्रकाशनात मुद्रितं तपासायचं काम करत होते आणि दोन-तीन आठवड्यांची रजा काढून आले होते. कटोरीचे आकार आम्ही माझ्या जुन्या मुद्रितांच्या कागदांवर उतरवले होते. मावशी कापताना अर्ध्या तुटलेल्या ओळी मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, पुढे काय झालं ते सांग, नाहीतर मी कात्री चालवणार नाही.

हा सगळा खटाटोप सारिका लोखंडेसाठी चालला होता. दसऱ्याच्या सुमाराला, मी सुट्टीला घरी आले असताना, ती तिच्या आईला घेऊन दुकानात आली होती. पोलीस कॉन्स्टेबल, उंच, रुंद खांद्यांची. चौकात गर्दी हटवताना तिचा आवाज मी ऐकला होता, पार बोळाच्या टोकापर्यंत यायचा. आमच्या काउंटरपाशी मात्र तो इतका खाली आला की आईला पुढे वाकावं लागलं. बाबा चहाला गेले. आईने खोका उघडला. स्किन, पांढरा, स्किन. सारिकाने वरचे दोन-तीन नग बाजूला केले, खालचे बघितले, आणि सगळे परत नीट रचून ठेवले.

“काकू, भरतीच्या वेळी मी एकावर एक दोन घालून धावले,” ती म्हणाली. “तेव्हा काही वाटलं नाही. पण लग्नात तरी...”

पुढचं तिला बोलवेना. तिच्या आईने वाक्य पुरं केलं. “मरून आहे का, विचारतीय ती.”

माझी आई गिऱ्हाइकाला कधी खोटा शब्द देत नसे. नाही तर नाही म्हणायची आणि दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगायची. त्या दिवशी तिने विचारलं, लग्न कधी आहे. सारिकाने डिसेंबरचा शेवट सांगितला, पण त्याआधी नागपूरला अधिवेशनाच्या बंदोबस्ताला जावं लागेल, परत यायला अगदी हळद उजाडेल, असंही सांगितलं. आईने टेप काढली, तिची मापं घेतली आणि म्हणाली, “मरून मिळेल.”

बाबा परत आल्यावर त्यांनी विचारलं की कुठून मिळेल. आई म्हणाली, “तुम्ही चहा घेऊन आलात ना? मग बसा.”

आमच्या दुकानात त्या काळी नुसत्या हिरव्या रंगाच्या इतक्या छटा होत्या की बाबा त्या डोळे मिटून, कापडाच्या पोतावरून सांगायचे. गिऱ्हाईक साडीचा काठ घेऊन येई आणि आई बघता बघता जुळणारा तुकडा काढून देई. आणि त्याच दुकानात, त्याच आईला, स्वतःसाठी आयुष्यभर एकच रंग. मोठ्या मापात व्यापारी दुसरं काही पाठवतच नसत. त्यांचं म्हणणं, एवढं माप म्हणजे वयस्कर बायका, त्यांना रंग कशाला.

चूक आमचीही होती, आणि ती आमच्याकडच्या प्रत्येक दुकानात व्हायची. बाई म्हणाली पुढून घट्ट होतं, की आम्ही घेर वाढवायचो. छत्तीसची अडतीस, अडतीसची चाळीस. पुढचं तेवढ्यापुरतं बसायचं, पाठ सैल होऊन वर सरकायची, आणि सगळा भार खांद्यावर. आईच्या दोन्ही खांद्यांवर पट्ट्यांच्या खाचा होत्या. आंघोळ करून आल्यावरही त्या जायच्या नाहीत. वाढवायची होती कटोरी, आणि आम्ही पिढ्यान् पिढ्या पाठ वाढवत होतो.

हे आम्हाला कळलं ते मी पुण्याहून एक ब्रा आणली तेव्हा. एका नव्या दुकानात तिथल्या मुलीने टेप लावून माझं माप घेतलं होतं आणि घेर वेगळा, कटोरी वेगळी, असं समजावून सांगितलं होतं. मी ती आईसाठी आणली असं सांगितलं. आईने लेबल वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग म्हणाली, “छान आहे.” दुसऱ्या दिवशी तिने मावशीला बोलावलं, आणि मावशीने ब्लेडने त्या ब्राची शिवण शिवण उसवून तिचे तुकडे काउंटरवर मांडले. तेव्हापासून दुकानाच्या खोक्यात स्किनच राहिला, पण आई प्रत्येकीचं माप दोनदा घ्यायला लागली.

माझ्या मापाचा विषय आमच्या घरात कधी निघत नसे. शाळेत असतानाच माझं अंग भरलं. लग्नाकार्यांत काकवा, आत्या माझ्याकडे वरून खाली बघायच्या आणि आईला म्हणायच्या, “तुझ्यावरच गेलीय गं.” वाईट हेतू नसायचा त्यांचा. मी लगेच म्हणायचे, “चेहरा बाबांचा आहे.” ते खरंही होतं. चेहरा बाबांचा, उंची बाबांची. उरलेल्याबद्दल मी बोलत नसे. सैल कुर्ते घालायचे आणि छातीशी पुस्तक धरून चालायचे. इतकी पुस्तकं वाचून होण्यामागे हेही एक कारण असावं.

एकदाच, कॉलेजच्या पहिल्या वर्षी, सुट्टीला घरी आल्यावर मी आईला सांगितलं होतं की हॉस्टेलच्या दोरीवर एका मुलीची मोरपंखी ब्रा वाळत असते, उघड्यावर, वर टॉवेल न टाकता. आई तेव्हा खोक्यात माल भरत होती. तिने मान वर केली नाही.

“आपल्या मापात रंग येत नाहीत, बाळा,” ती म्हणाली.

मी पुन्हा तो विषय काढला नाही. तिनेही नाही.

त्या दुपारी मावशी नमुना घडी घालत असताना आईने मला विचारलं, “कसा वाटतो?”

“नीट बसलाय,” मी म्हणाले. मग खरं ते सांगितलं. “पाठीला आवळतोय मात्र.”

“मला आवळतोय,” आई म्हणाली आणि ब्लाउजची बटणं लावू लागली.

बाबांनी बाहेरून शटरवर टिचकी मारली आणि येऊ का म्हणून विचारलं. मावशी म्हणाली, “या की दाजी. किती कप झाले?” बाबांनी टपरीवाल्याने आमच्यासाठीही पाठवलेला चहा काउंटरवर ठेवला. चौघं मिळून प्यायलो. संध्याकाळी आईने मंडईतून आवळे आणले, मोरावळ्याला टोचून ठेवले, आणि धुणं दोरीवर घातलं. साड्या बाहेरच्या दोरीला, परकर मधल्या, आणि आपली स्किन कलरची ब्रा सगळ्यात आत, टॉवेलाखाली. जेवताना ती म्हणाली की नमुना जमला, आता मरून कापायला हरकत नाही. मग म्हणाली, “पहिला नग झाला की दर्शनी अडकवायचा, हँगरला. खोक्यात नाही.”

बाबा म्हणाले, “मग मला दिवसभर टपरीवरच बसावं लागेल.”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली, दूध तापत ठेवलं आणि ओट्याला टेकून खाली बसली. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून बाबा आत गेले. डॉक्टर आले तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. दुपारी सगळं आटोपून घरी आल्यावर मी दोरीवरचं धुणं काढलं. टॉवेल उचलला, खालची ब्रा काढली, तिची घडी घातली, आणि ती कुठे ठेवायची ते न कळून हातात धरून उभी राहिले. मावशीने येऊन ती माझ्या हातातून घेतली.

मी रजा वाढवून घेतली. तेराव्यानंतर सारिकाचा नागपूरहून फोन आला. तिच्या आईने तिला सगळं सांगितलं होतं. रस्त्यावरच्या गोंगाटात ती म्हणाली की मॅडम, ते मरूनचं राहू द्या आता, काकूच नाहीत तर कसलं काय. मी काही बोलायच्या आत तिने फोन ठेवला.

मी ते मावशीला सांगितलं तेव्हा ती दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनचं कव्हर काढत होती.

“राहू द्या कसं,” मावशी म्हणाली. “आक्कानं शब्द दिलाय.”

मी म्हणाले, कापून टाक मग. आई म्हणाली होती नमुना जमला.

“तुझी आई म्हणाली. माझं कुठं समाधान झालं? पाठ आवळते, पट्टे लोंबतात, आणि म्हणे जमला. त्या कागदावरनं मी पोरीच्या लग्नाचं कापड कापू? एकदा नीट बसलेला बघायला पाहिजे मला. त्याशिवाय तिच्या मापात किती सोडायचं, किती घ्यायचं, ते कळायचं नाही.”

“पुतळ्यावर बघ.”

“पुतळा श्वास घेतोय का? हात वर करतोय का? मला अंग पाहिजे, वैजू.” तिने स्वतःच्या काटकुळ्या छातीवर हात ठेवला. “देवानं मला दिलं असतं तर तुझ्या तोंडाकडं बघितलं नसतं.”

तिने फळीवरून घडी घातलेला मोरपंखी नमुना काढला आणि मशीनवर ठेवला. बाहेर बाबा एकटेच काउंटरला बसले होते. आई गेल्यापासून ते टपरीवर गेले नव्हते. टपरीवाला येऊन विचारून गेला होता. मागच्या खोलीतलं बोलणं पुढे ऐकू जातं हे आम्हाला दोघींनाही ठाऊक होतं. थोड्या वेळाने स्टूल सरकल्याचा आवाज आला, मग चपलांचा.

“मी जरा चहाला जाऊन येतो,” बाबा म्हणाले, आणि जाताना शटर अर्धं ओढून घेतलं.

मावशीने पाठ फिरवली. मी कुर्ता काढला आणि नमुना घातला. मागचे हूक मावशीने वळून लावले. सवयीने तिने दोन टाचण्या ओठांत धरल्या, माझ्या पाठीच्या पट्टीखाली बोट घातलं आणि थांबली. पट्टी सरळ होती, कुठेही वर सरकली नव्हती. तिने खांद्याचे पट्टे बघितले. ते अंगठ्याने उचलून सोडले.

“हात वर कर.”

मी केले.

“वाक. आता सरळ हो. श्वास घे.”

मी श्वास घेतला. काही आवळलं नाही, काही सुटलं नाही. खांद्यांवर भारच नव्हता; मला ते इतकं अनोळखी वाटलं की मी पट्टे तुटलेत का म्हणून हात लावून बघितला.

मावशीने टाचण्या तोंडातून काढल्या. त्या कुठे ठेवायच्या हे तिला सुचेना. शेवटी तिने त्या मुठीत धरल्या.

“इथं काहीच करायचं नाही,” ती म्हणाली. मग म्हणाली, “घेर वाढवू नको, पट्टे कमी करू नको, म्हणायची आक्का. मला वाटलं हट्टाला पेटलीय.”

आरशात मी होते. चेहरा बाबांचा. गळ्याखाली आईचं अंग, तिच्यापेक्षा थोडं उंच, पाठीत थोडं अरुंद, आणि त्यावर तो रंग. वरच्या लेसमधून कातडी दिसत होती आणि ती काही लपवण्यासारखी वाटत नव्हती. पुण्याच्या ब्राचं लेबल वाचून आईने चष्मा कपाळावर सरकवला होता ते मला आठवलं. कापडाची निवड करताना मावशीने तिला विचारलं होतं, नमुन्याला कुठला रंग घेऊ, आणि ती कपाटाकडे न बघताच म्हणाली होती, मोरपंखी घे.

“रडतेस होय?” मावशी म्हणाली.

“नाही.”

“मग मी रडते,” ती म्हणाली, आणि मशीनच्या कव्हरला डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी तिने सारिकाचं मरून कापलं. आता माझ्या अंगावर नमुना नीट बसलेला तिने बघितला होता, त्यामुळे सारिकाच्या मापात कुठे किती सोडायचं ते तिला कळलं होतं. कात्री चालवताना तिने मुद्रिताची तुटलेली ओळ वाचली नाही. पण दुसऱ्या दिवशी लेस लावताना पुन्हा वाचायला लागली.

सारिका बंदोबस्तावरून परतली ती थेट दुकानात आली, सोबत तिची आई. मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की मरून तयार आहे. दुकान गच्च भरलेलं होतं. जानेवारीच्या मुहूर्तांची गर्दी, काउंटरवर साड्यांचे ढीग, आणि बाबा एका बाईला शेवाळी आणि पोपटी यांतला फरक समजावत होते. मी सारिकाला मागे नेलं. मावशी आत होतीच. बऱ्याच वेळाने पडदा बाजूला झाला आणि सारिका बाहेर आली, वर तिचाच नेहमीचा शर्ट घातलेला. पण चालण्यात फरक होता. खांदे खाली आले होते आणि मान वर. तिच्या आईने लेकीकडे बघत जवळच्या साडीचा पदर उगाच नीट केला.

सारिका काउंटरला रेलली आणि तिचा आवाज पुन्हा तितकाच खाली गेला. बाबांनी तो ओळखला असावा. ते हातातली कापडं ठेवून चपला शोधू लागले, पण गर्दीत त्यांना वाट मिळेना.

“मॅडम, एक विचारू?” सारिका म्हणाली. “एवढ्या मापाचं आणखी कुणी घेतं का हो इथं? का मी एकटीच?”

एका पायात चप्पल घातलेले बाबा तिथेच थांबले. पडद्याआड मशीन चालायची थांबली.

मी नेहमी जितक्या आवाजात बोलते तितक्याच आवाजात बोलले, म्हणजे काउंटरच्या त्या टोकापर्यंत सहज जाईल एवढ्या.

“मी घेते की. आता अंगात आहे ती मोरपंखी आहे,” मी म्हणाले. “मी आईवर गेलेय.”